सुनावणी घेतली म्हणजे सहभाग झाला?
नगरनियोजनात विद्यापीठ पुढे असलं की लोकसहभाग आपोआप येतो, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. विद्यापीठालाच जागा हवी असते तेव्हा काय होतं, ते न्यूयॉर्कने पाहिलंय. कोलंबिया विद्यापीठाच्या वेस्ट हार्लेममधल्या १७ एकरांवरच्या विस्ताराला स्थानिक कम्युनिटी बोर्डाने (वस्तीच्या वतीने मत देणाऱ्या मंडळाने) २००७ मध्ये ३२ विरुद्ध २ मतांनी नकार दिला. पण बोर्डाचं मत पडलं सल्ल्यापुरतं! त्याच वर्षी सिटी कौन्सिलने मंजुरी दिली. २००९ च्या करारात वस्तीसाठी १५ कोटी डॉलर ठरले खरे, पण आराखडा तोवर पक्का झाला होता. नियोजनाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत सुनावणीसारखी सल्लामसलत खालून जेमतेम चौथ्या पायरीवर आहे. नकाशा कोरा असताना कोणाकोणाला बोलावलं, हे लेखकाने विचारायला हवं होतं.