सोन्याहून पिवळा पिकाचू

पोकेमॉन या जपानी कार्टूनमधल्या प्राण्यांची, पोरं खेळतात नि जमवतात ती खरी कार्डं विकत घेणं हा ठाण्यातल्या सुज्ञ पालकांना शोभणारा उद्योग नाही, हे आधी नीट समजून घ्या. मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात जाऊन काही शे रुपयांचं एक पाकीट घेतलंत, तर आत निघतात दहा कार्डं. त्यातली निम्मीअधिक कसल्याशा अळ्या, पाखरं आणि मासे. पोरं ज्याच्यासाठी जीव टाकतात तो चारिझार्ड निघेलच याची हमी खुद्द कंपनीसुद्धा देत नाही. पैसेही मोजायचे आणि वर नशिबाची परीक्षाही द्यायची, हे कुठलं शहाणपण?

उलट ऑनलाइन बघा. सोनेरी डबा, आत ५५ कार्डं, सगळी सोनेरी, सगळी दुर्मीळ, आणि किंमत त्या एका पाकिटाहून कमी. कार्डांचा हा खेळ १९९६ साली जपानात निघाला. तेव्हापासून मूळ कंपनीला जे जमलं नाही, ते कुणा अनामिक व्यापाऱ्यानं करून दाखवलं: दुर्मीळ माल घाऊक भावात. पिकाचू मुळातला पिवळा, त्यात हा सोन्याचा. आणखी काय हवं?

तर खरेदी कशी करावी. वेळ रात्री साडेअकराची निवडा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटून, जेवून, अंथरुणाला पाठ टेकली की माणसाची चिकित्सक बुद्धी आपोआप मंदावते आणि अंगठा तेवढा जागा राहतो. मोबाइलवर शोध घ्या. ज्या मालाच्या नावात ‘ओरिजिनल’ हा शब्द किमान दोनदा आलाय, तोच निवडा. ब्रँडच्या रकान्यात ‘जेनेरिक’ लिहिलेलं असेल तर विचलित होऊ नका, ती विक्रेत्याची विनयशीलता समजा. विक्रेत्याचं नाव उच्चारता येत नसेल तर उत्तम. उद्या तक्रार करायची वेळ आली तर निदान नाव घेऊन शिव्या तरी देता येणार नाहीत, तेवढीच जिभेची बचत.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल कुठल्या देशात तयार झाला ते दाखवावं लागतं. पण तो रकाना पानाच्या पार तळाशी असतो आणि तिथवर जाईपर्यंत ‘फक्त २ शिल्लक’ अशी लाल अक्षरं डोळ्यांपुढे नाचायला लागतात. दोनच उरलेत म्हटल्यावर देश कसला विचारता? (दुसऱ्या दिवशी सकाळीही दोनच उरलेले असतात. त्याच्या पुढच्या सोमवारीही. मालाची अशी चिवट शिल्लक मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.)

अभिप्राय जरूर वाचा, पण पाच तारेवाले. ‘पॅकिंग छान, मुलगा खूश’, ‘डिलिव्हरी बॉय नम्र’. कार्ड खरं की खोटं याबद्दल त्यात अवाक्षर नसतं, हा त्यांचा मोठेपणा. एक तारेवाल्यांच्या वाटेला जाऊ नका. ती माणसं फोटो काढतात, मागची बाजू दाखवतात, खऱ्या कार्डाशेजारी ठेवून रंग जुळवतात. आयुष्यात काही काम नसलेले लोक.

पार्सल येतं बहुतेक भिवंडीच्या गोदामातून, म्हणजे घरचंच म्हणायचं. पण प्रवास त्याआधीचा बघा. २०२१ साली शांघायच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी पोकेमॉनची ७.६ टन बनावट कार्डं पकडली. निघाली होती नेदरलँड्सला. साडेसात टनांहून जास्त! एवढ्या वजनाच्या आनंदाला सरकारी शिक्का मारून अडवणारे लोक जगात आहेत आणि तुम्ही इथे एका डब्यावरून कुरकुर करताय.

डबा हातात आला की दोन गोष्टी कटाक्षानं टाळा. एक, उजेड. दोन, शेजारचा चौथीतला मुलगा.

आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत असा एक नग आहे. संध्याकाळी क्लबहाउसच्या पायरीवर वही घेऊन बसतो. वहीत प्लॅस्टिकचे कप्पे, कप्प्यांत कार्डं. एका सद्‌गृहस्थांनी आपल्या लेकासाठी आणलेली पाकिटं आणि सोबतचा सोनेरी डबा कौतुकानं त्याच्यापुढे धरला. पोरानं कार्ड आधी उलटं केलं.

“काका, मागचा निळा बघा ना. जांभळट आलाय.”

“अरे, छपाईत होतं तसं.”

“आणि पोकेमॉन लिहिलंय त्यातल्या ई वर तिरकी रेघच नाहीये.”

काका म्हणाले, रेघेनं काय होतं? पोरानं उत्तर दिलं नाही. वहीतलं आपलं एक कार्ड काढलं, काकांच्याच मोबाइलचा टॉर्च लावला आणि दोन्ही कार्डं त्यावर एकेक करून धरली. वहीतल्या कार्डातून उजेड जेमतेम झिरपला, कारण खऱ्या पुठ्ठ्याच्या पोटात काळसर थर असतो. कड डोळ्यांजवळ नेऊन पाहिली तर तो केसासारखा दिसतोही. काकांचं कार्ड असं उजळलं, की समोरचा चारिझार्ड मागच्या बाजूनं मोजून घ्यावा. मग सोनेरी कार्डाकडे वळल्यावर पोरानं टॉर्च बंद केला. “हे तर प्लॅस्टिकच आहे, याला कशाला बॅटरी जाळायची?” त्यावर प्राण्याची ताकद ९९९ छापली होती. खऱ्या कार्डावर आकडा तीनशेच्या आसपास गेला तरी पोरं डोळे मोठे करतात.

“तुम्हाला किती दिवसांत परत करता येतं?” त्यानं विचारलं. काकांनी मोबाइल खिशात घातला.

असली मुलं घराबाहेरच बरी. त्यांना गणितात कमी मार्क पडतात, असं त्यांच्या आयांकडून ऐकलंय. त्यावर समाधान माना.

आता मोठ्यांकडे वळू, कारण खरी प्रतिभा तिथे आहे. अडीचशेच्या डब्यात फसणं हा बालवर्ग. ऐरोलीच्या आयटी पार्कात बसून ‘पर्यायी गुंतवणूक’ करणाऱ्यांची पायरी वेगळी. ही मंडळी कार्ड खेळत नाहीत. कार्ड एका जाड पारदर्शक पेटीत बंद असतं, वर कार्डांचा दर्जा तपासणाऱ्या कंपनीचं लेबल, दहापैकी गुण आणि प्रमाणपत्राचा क्रमांक. ती पेटी ते कपाटात ठेवतात आणि मुलाच्या परदेशी शिक्षणाची तरतूद झाली असं समजून झोपतात.

तुम्हालाही या वाटेनं जायचं असेल तर क्रमांक जरूर तपासा. कंपनीच्या संकेतस्थळावर टाका, तो खराच निघेल. कारण बनावट पेटीवर खऱ्या पेटीचाच क्रमांक उतरवून घेतलेला असतो. खोटा क्रमांक छापण्याइतका आळशी माणूस या धंद्यात टिकत नाही. संकेतस्थळावर त्या क्रमांकाच्या कार्डाचा फोटो असेल आणि त्यातला वरचा पांढरा ओरखडा तुमच्या कार्डावर नसेल, तर आनंद माना. तुमचं कार्ड खऱ्यापेक्षा जास्त चांगलं आहे.

आणि कुणी तुम्हाला हिणवलं तर मोठमोठ्या लोकांची उदाहरणं तोंडावर फेका. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं शंभरेक वर्षांपूर्वीचं एक कार्ड १९९१ साली वेन ग्रेट्झ्की या हॉकीपटूनं भागीदारासोबत ४,५१,००० डॉलरला घेतलं. पीएसए या दर्जा ठरवणाऱ्या कंपनीनं सगळ्यात पहिला शिक्का मारला तो याच कार्डावर, ८ गुणांचा. पुढे २०१३ साली बिल मास्ट्रो नावाच्या लिलाववाल्यानं कोर्टात कबूल केलं, की कडा नीट दिसाव्यात म्हणून ते कार्ड आपणच कापलं होतं. म्हणजे दर्जा ठरवायच्या या सगळ्या शास्त्राचा श्रीगणेशाच कात्री लावलेल्या कार्डावर झाला. मधल्या काळात, २००७ साली, ते २८ लाख डॉलरला विकलंही गेलं होतं. आणि तुम्ही ओरखडे बघत बसलाय.

लोगन पॉल नावाच्या यूट्यूबवाल्यानं पोकेमॉनच्या पहिल्या आवृत्तीच्या बंद पेट्यांचा खोका ३५ लाख डॉलरला घेतला. तज्ज्ञांनी तपासलेला, सीलबंद. २०२२च्या जानेवारीत फोडला तर आतून निघाले जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांचे पत्ते. त्याला निदान पैसे परत मिळाले आणि लाखो प्रेक्षकही. तुमच्या फसवणुकीचा व्हिडिओ तुमची मेहुणीसुद्धा शेवटपर्यंत बघणार नाही, एवढाच काय तो फरक.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. खेळ बाजारात यायच्या आधीची, १९९६ची म्हणून काही चाचणी-कार्डं बाजारात फिरत होती. रीतसर तपासून पेटीबंद झालेली. संग्राहकांनी भिंगातून पाहिलं तर त्यांतल्या काहींवर फिकट पिवळे ठिपके. कित्येक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक कागदावर असे ठिपके गुपचूप सोडतात, त्यात छपाईची तारीख दडलेली असते. ठिपक्यांनी साल सांगितलं २०२४. प्रिंटर खरं बोलला, माणसं नाही. यावरून घ्यायचा तो बोध घ्या: बनावट माल घेताना घरात भिंग ठेवू नये.

एवढं सगळं सांभाळूनही तुम्हाला तक्रार करायची हुक्की आलीच, तर खुशाल करा. कायदा भक्कम आहे. नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. ४८ तासांची वाट बघावी लागतच नाही, पोच क्षणात येते, यंत्रमानव देतो. ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’ पुढे तोच विचारतो, माल तुटलेला आहे का? नाही. चुकीचा रंग आलाय? नाही म्हणजे, निळा जांभळट आहे. आकार चुकलाय? ‘खोटा आहे’ असा पर्याय यादीत नसतो. मग तुम्ही ‘इतर’ दाबता आणि इतरांमध्ये सामील होता.

बाजार चालवणारे म्हणतात, आम्ही फक्त मध्यस्थ, विकणारा वेगळा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभं असतं. बनावट बोधचिन्हाचा माल विकणाऱ्याला ट्रेड मार्क कायद्यात ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, पण त्यासाठी विकणारा सापडावा लागतो. तुम्ही तक्रार लिहून होईपर्यंत त्याचं दुकान मिटलेलं असतं आणि त्याच फोटोंसकट नव्या, तितक्याच अनुच्चारणीय नावानं उघडलेलंही असतं. ‘फक्त २ शिल्लक’.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचा वाह्यातपणा मात्र करू नका. तिथे खरोखर तक्रार नोंदवून घेतात, ती कंपनीपर्यंत पोचवतात आणि कधीकधी पैसे परत येतात. पैसे परत आले की माणसाकडे फसवणुकीचा किस्सा उरत नाही, पुढच्या लग्नात पंगतीला बोलायचं काय? पार्सल उघडतानाचा व्हिडिओही काढू नका. पुरावा म्हणून तोच लागतो, आणि पुरावा असला की मग भांडावंच लागतं.

माल परत पाठवलात तर तो नष्ट होईल अशा भ्रमातही राहू नका. परत गेलेला डबा कुणी जाळत बसत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जातो, कळव्याला, नाही तर कोपरखैरण्याला.

तेव्हा परत पाठवायचा खटाटोप कशाला? पुढचं पोरं बघून घेतात. शाळेच्या बसमध्ये सोनेरी कार्डाचा भाव अजून टिकून आहे, मात्र फक्त पहिली-दुसरीत. तिसरीच्या वर कुणी हातात धरत नाही. म्हणून तिसरीतला मुलगा आपली पाच सोनेरी कार्डं पहिलीतल्याला देतो आणि त्याच्याकडचं एक साधं, चुरगळलेलं, आजीनं दुकानातून आणलेलं खरं कार्ड घेतो. दोघंही उड्या मारत घरी जातात. पहिलीतल्याला एकाची पाच मिळाली. तिसरीतल्याला व्यापार आला, आणि तोही वेगळा क्लास न लावता. तुम्ही त्याला ‘लबाडी करू नये’ वगैरे सांगायला जाऊ नका. डबा कुणी आणला होता, असं तो विचारेल.

उरलेल्या कार्डांची सोय सोपी आहे. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट लागतंच. गोखले रोडवर जाऊन पेन्सिलीचे डबे आणि खोडरबरं निवडण्यात रविवार घालवण्यापेक्षा हिशेब करा: ५५ कार्डं, प्रत्येकाला ५, म्हणजे ११ मुलं. डोक्यामागे खर्च पंचवीस रुपयांच्या आत आणि सोन्याचं दिल्याचा मान. बारावं मूल आलंच, तर दुसरा डबा मागवा. रात्री साडेअकराच्या आत ऑर्डर टाकलीत तर उद्या संध्याकाळी येतो. दोनच शिल्लक आहेत म्हणे.