आधी कमान, मग गाव

निवडून आलात? अभिनंदन. डोक्यातला गुलाल धुतला की पहिला ठराव स्वागत कमानीचा घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावाने हेच केलं. (गावाचं नाव सांगत नाही, घरात अजून दोन सोयरिकी जुळायच्या आहेत.) पावसाळ्यात कमानीखाली गुडघाभर पाणी असतं आणि वर ‘सुस्वागतम्’ लखलखतं. पाहुणा वर बघत येतो नि खाली आपटतो, त्याला पंचायत काय करणार?

पैशाची चिंता नको. पंधराव्या वित्त आयोगाने ६० टक्के निधी पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. त्याला ‘बंधित’ म्हणतात. शब्दाला घाबरायचं नाही. कमानीच्या खांबाला एक बेसिन ठोका, झाली स्वच्छता.

गटाराच्या नादी मात्र लागू नका. जमिनीखाली गेलेला पैसा मतदाराला दिसत नाही. करावंच लागलं तर उतार असा द्या की सगळ्या गावाचं सांडपाणी विरोधी पॅनलच्या दारात जाऊन थांबेल. आमच्याकडे उतार चुकला असं लोक म्हणतात. मला तर तो फार नेमका साधलेला वाटतो.

पेव्हर ब्लॉक मारुतीच्या पारापुढेच टाका, तिथे चांगली शहाबादी फरशी असली तरी. द्राक्षाचे ट्रॅक्टर चार वेळा गेले की ब्लॉक उखडतात आणि ‘दुरुस्ती’ हा विषय पुन्हा अजेंड्यावर येतो. अशी दुभती गाय दावणीची कोण सोडेल? हायमास्टचंही तेच. उभा आपण करायचा, वीजबिल पुढची बॉडी बघेल. वस्तीवरच्या खांबाचा बल्ब दिवाळीपासून गेलेला आहे, पण तिथे फोटो नीट येत नाहीत.

आता पाणी. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर असा हिशेब आहे आणि आमच्या दारोदार नळ आलेत. त्यांना तोट्या नाहीत. तोटी लागते पाणी बंद करायला. ते आलंच नाही तर खर्च कशाला? नळाबरोबर बाईचा फोटो काढून घ्या आणि तिला हंडा घेऊन विहिरीवर जाऊ द्या. तक्रार आलीच तर इगतपुरीकडे बोट दाखवा. तिथे पाऊस कोसळतो, धरणं भरतात, पाणी जायकवाडीकडे जातं आणि मे महिन्यात पेठ-सुरगाण्याच्या बाया झऱ्याशी वाटीने हंडा भरत बसतात. त्यांच्यापेक्षा तुमचं बरं म्हणायचं.

राहिली ग्रामसभा. ती २६ जानेवारीला ठेवा, तेव्हा बागा उतरत असतात, फिरकतंय कोण? गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढे नसले तर उत्तमच. सभा तहकूब करा. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे लोक आले तर कायदा आडवा येतो, न आले तर वाट मोकळी. सह्यांचं रजिस्टर शिपायाबरोबर घरोघर फिरवा, चहाच्या वेळी कुणी वाचत नाही. आणि नावडता प्रश्न निघालाच तर ‘ऐनवेळच्या विषयात घेऊ’ म्हणा. ती ऐन वेळ आमच्याकडे अजून यायची आहे.

सूचक-अनुमोदकाची नावं कुठून आणायची हा प्रश्न नवख्यांना पडतो. मलाही पडला होता. मग कळलं की व्यायामशाळेच्या साहित्य खरेदीचा अनुमोदक मीच आहे. त्या दिवशी, त्या वेळी, मी नाशकात द्वारकेच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेलो होतो. इतिवृत्ताची नक्कल मागायला गेलो तर भाऊसाहेबांनी (म्हणजे ग्रामसेवकांनी; हुद्दा आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालाय, हाक तीच) पान उघडून पुढे केलं. “अहो अण्णा, तुमचीच तर सही आहे!”

होती खरी. माझ्यापेक्षा वळणदार होती.