नुसतं वय नव्हे, ऊन!

आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूर-वडगाव भागात रोजानं शेतात जाणाऱ्या बायका चाळिशीतच साठीच्या दिसायला लागतात. कुणाला काही विचारलं तर एकच उत्तर, "वय झालं की गे बाय, आता काय करायचं!" मला हे अजिबात पटत नाही. काकूंनो, दंडाची आतली बाजू आणि मानेची मागची बाजू एकदा ताडून बघा. दोन्हीकडची कातडी एकाच वयाची आहे, तरी दंडाची मऊ आणि मानेची घड्याघड्यांची. हा फरक उन्हानं केलाय.

उन्हातले यूव्हीए (डोळ्यांना न दिसणारे अतिनील) किरण कातडीत खोलवर जातात आणि तिला घट्ट ठेवणारं कोलॅजन मोडतात. ते ढगांतून येतात, काचेतूनही येतात, त्यामुळे रोप लावणीच्या दिवसांतही सुटका नाही. बिडी-सिगारेटनंही कातडी लवकर सुरकुतते. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात हे बोलणं जड जातं, पण खरं आहे.

ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालच्या लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ साली छापून आला. रोज सनस्क्रीन (ऊन अडवणारं क्रीम) लावणाऱ्यांची कातडी मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. शेतात घामानं क्रीम टिकत नाही, दर दोन तासांनी परत लावणंही जमत नाही, हे मान्य. म्हणून आमच्याकडे आधी कापड: पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेवरून पदर, वर रुंद काठाची टोपी. उघड्या राहणाऱ्या चेहऱ्याला एसपीएफ (ट्यूबवरचा उन्हापासून बचावाचा आकडा) ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन.

पडलेल्या सुरकुत्यांवर खात्रीचं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन नावाचं मलम. रात्री वाटाण्याएवढंच लावायचं, धीर धरायचा, फरक दिसायला काही महिने जातात. बारीक रेषा कमी होतात, खोल घड्या जात नाहीत. सुरुवातीला कातडी लाल होते, सोलते. गरोदरपणात तर लावायचंच नाही. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

मला खरा राग येतो तो मेडिकलमध्ये "चेहरा उजळतो" म्हणून हातात ठेवल्या जाणाऱ्या ट्यूबांचा. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, ट्यूब सोडली की चेहरा पेटतो. २०१८ पासून अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ती मिळतात. लग्नसराईत पोरी हेच लावतात, आणि आया आणून देतात!

शेतमालकांनाही माझं सांगणं आहे. भांगलणीला बायकांना सकाळी सहाला बोलवा, अकरा ते तीन सावलीत बसू द्या, राहिलेलं काम उन्हं उतरल्यावर घ्या. रोजाचे पैसे मात्र कापू नका.