रामटेकचे खासदार व्हायचंय? मग रामटेकचे नका राहू

भाऊ, दिल्लीला जायचं मनावर घेतलंच असेल तर नागपूर शहराच्या भानगडीत पडू नका. तिथला मतदार सिमेंट रोडचा हिशेब विचारत बसतो. तुम्ही रामटेक घ्या. फक्त एक पथ्य पाळा: गाव रामटेकच असलं तर चारचौघांत बोलू नका.

पी. व्ही. नरसिंह रावांचंच बघा ना. १९८४ मध्ये ते घरच्या हनमकोंड्यात पडले. तेही कोणाकडून? त्या साली भाजपचे देशभरात दोनच खासदार आले, त्यातल्या एकाकडून. रामटेकनं मात्र त्यांना उचलून धरलं आणि १९८९ मध्ये पुन्हा धाडलं. मराठी झकास बोलायचे, तेलुगू असल्याचं कोणाला काही वाटलं नाही. १९९१ मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा लोकसभेत शिरले ते नंद्यालमधून. उपास आपला, पारणं नंद्यालचं!

फार लांबून यायला जमत नसेल तर दत्ता मेघेंचा कित्ता गिरवा. १९९१ ला नागपूर, १९९६ ला रामटेक, १९९८ ला वर्धा. इतक्या बदल्या तर तलाठ्याच्याही होत नाहीत.

बिऱ्हाड नागपुरातच ठेवा. काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक हे सहा विधानसभा मतदारसंघ शहराभोवती कडं करून बसलेत. काटोलहून उमरेडला जायचं तरी वाटेत नागपूर येतंच. उमेदवारी अर्ज नागपूरच्या कलेक्टर ऑफिसात भरायचा, मतमोजणी कळमना मार्केट यार्डात. रामटेकला प्रचाराचा नारळ फोडण्यापुरतं गेलात तरी चालतं. गडमंदिरापर्यंत गाडी जाते, पण फोटोसाठी शेवटच्या पायऱ्या चढाच. नारळ मात्र पिशवीत झाकून न्या. वरची माकडं आचारसंहिता पाळत नाहीत. आणि काटोलला संत्रा, उमरेडला कोळसा, एवढं पाठ करा. उलट बोललात तर संपलं.

आता पक्ष. बदला ना, कोण अडवतो? फक्त मुहूर्त पाहा. सुबोध मोहितेंनी १९९९ मध्ये शिवसेनेकडून काँग्रेसचा हा जुना गड घेतला, २००४ मध्ये राखला. मग राजीनामा देऊन काँग्रेसमध्ये गेले आणि २००७ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी सेनेच्या प्रकाश जाधवांना निवडून दिलं. यावरून लोक चिन्ह पाहतात असा निष्कर्ष काढाल, तर २००९ मध्ये त्याच लोकांनी काँग्रेसच्या मुकुल वासनिकांना पाठवलं. वासनिक बुलढाण्याचे माजी खासदार, म्हणजे आपल्या पथ्यात चपखल बसणारे. ते केंद्रात मंत्रीही झाले. २०१४ मध्ये सेनेच्या कृपाल तुमानेंनी त्यांना पावणेदोन लाखांनी पाडलं.

२००९ पासून जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, तेव्हा कागदपत्रं सांभाळा. आणि घरच्यांनाही एक अर्ज भरायला लावा, ही चेष्टा समजू नका. २०२४ मध्ये काँग्रेसच्या रश्मी बर्वेंचं जात प्रमाणपत्र छाननीच्या दिवशीच अवैध ठरलं नि अर्ज बाद झाला. पण पर्यायी उमेदवार म्हणून पती श्यामकुमार बर्वेंचा अर्ज तयार होता. ते उभे राहिले नि निवडूनही आले. नंतर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं प्रमाणपत्र रद्द करणारा आदेशच रद्द केला. तोवर साहेब संसदेत पोचले होते. समोर होते राजू पारवे, मार्चपर्यंत काँग्रेसचे उमरेडचे आमदार आणि एप्रिलमध्ये शिंदेसेनेचे उमेदवार. मुहूर्ताचं मी म्हटलंच होतं.

या सगळ्यात दोनदा निवडून आलेल्या तुमानेंचं तिकीट कापलं गेलं. तुमचंही कापलं जाईल. तेव्हा पत्रकार परिषदेत डोळे पुसू नका, बंडाची भाषा नको, मुंबईला दोन चकरा जास्त मारा. तुमाने त्याच जुलैत विधान परिषदेवर गेले. तिथे तर प्रचारालाही फिरावं लागत नाही, बाप्पा.