मीटरचा अंधार आणि तीन महागडे सल्ले

"मीटरमागचे दिवे गेले? भंगारातून दुसरं मीटर आणून बसवा. फ्यूज उडतोय? मोठा टाका. आणि एकदाचे सगळे बल्ब एलईडी करून मोकळे व्हा." जुन्या गाडीवाल्यांसाठी हा मेसेज सध्या जालना-बीडकडच्या ग्रुपांवर फिरतोय. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण सल्ले ऐकण्यासारखे नाहीत.

आधी मीटर बदलण्याचं बघू. मीटरमागे एकच बल्ब नसतो. त्यातला एक गेला तर एक कोपरा अंधारतो, सगळं मीटर नाही. सगळेच एका रात्रीत विझले असतील तर मीटरला हात लावू नका. पार्किंग लाइट लावा, खाली उतरा आणि गाडीच्या मागं जाऊन बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरचा उजेड आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर चालतात. मागंही अंधार असेल तर आधी तो फ्यूज तपासा. उसाच्या हंगामात माजलगावकडं बिनदिव्याच्या ट्रॉल्यांना आपण शिव्या घालतो ना? मागून येणाऱ्याला आपली गाडीही तशीच दिसत असते.

मागचे दिवे लागतात, मीटर तेवढं काळं? मग डिमर बघा, म्हणजे मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं बटण. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून त्याचे आतले कॉन्टॅक्ट खराब होतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवा. कित्येकदा तेवढ्यानंच उजेड येतो. नाहीच आला तर अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर, बघायला सांगा. एखादाच बल्ब गेला असेल तर मीटर सोडवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. होल्डर पाव फेरा फिरवला की निघतो. मागच्या पातळ सर्किट पट्टीला मात्र स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नका, तांब्याची रेघ तुटली की खरंच मीटर शोधत फिरावं लागेल. भंगारातलं मीटर तर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर घेऊन येतं. विकताना ते कुणाकुणाला समजावणार?

मोठा फ्यूज म्हणजे शुद्ध आगाऊपणा. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. फ्यूज वायर वाचवायला असतो. लालच्या जागी पिवळा घातला तर फ्यूजआधी वायर तापते. तो उडतोय म्हणजे वायर कुठंतरी बॉडीला घासतेय, डिकीजवळ सोललीय, नाहीतर उंदरानं कुरतडलीय. कापूस भरलेल्या शेडमध्ये गाडी लावणाऱ्यांनी आधी उंदराचं बघावं.

एलईडीला माझा सरसकट विरोध नाही. लागला नाही तर उलटा करून बसवा; त्याला प्लस-मायनस लागतं. जुन्या डिमरवर तो नीट मंद होईलच असं नाही, आणि रात्री तो पांढरा झगझगाट डोळ्यांत जातो. पण बॅटरीच्या चिन्हामागचा बल्ब आहे तसाच ठेवा. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरला, सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून मिळतो. साधा एलईडी तेवढा करंट जाऊ देत नाही. मग चार्जिंग उशिरा सुरू होतं, कधी होतच नाही.