परराज्यातल्या डॉक्टरचा व्हिडिओ सल्ला बेकायदेशीर नाही

परराज्यातल्या डॉक्टरकडून फोनवर किंवा व्हिडिओवर उपचार घेणं बेकायदेशीर आहे. त्याची चिठ्ठी आपल्याकडचं मेडिकल घेऊ शकत नाही. काही बिघडलं तर दाद मागायला जागा नाही. आणि हात न लावता दिलेल्या औषधावर विसंबू नये. अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरतो. लोक तो काळजीपोटीच पुढे पाठवतात. पण त्यातले पहिले तीन मुद्दे चुकीचे आहेत आणि चौथ्यात अर्धंच तथ्य आहे.

याचा फटका कुणाला बसतो ते आधी पाहा. दोडामार्ग-सावंतवाडीचा माणूस मोठ्या दुखण्याला गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठतो. चंदगडचा बेळगावला जातो. विजयपूरकडचे पेशंट मिरज-सोलापूरला येतात, बालाघाट-छिंदवाड्याचे नागपूरला. या सगळ्यांचा डॉक्टर परराज्यातला आहे. ऑपरेशन होऊन गेलेलं असतं, गोळ्या ठरलेल्या असतात. विचारायचं असतं ते एवढंच, की बीपीची गोळी तशीच चालू ठेवायची की डोस बदलायचा. त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून जायला सगळ्यांना जमत नाही. अशा माणसाला ‘फोन करू नका, गुन्हा आहे’ असं सांगितलं तर तो गोळीच सोडून देण्याची भीती असते.

आता कायदा. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून द्यायच्या उपचारांची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि ती डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीला जोडली गेली. नोंदणीकृत डॉक्टर भारतातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. राज्याची अट नाही. हे एकाएकी आलेलंही नाही. १९५६ च्या जुन्या वैद्यक परिषद कायद्याच्या कलम २७ नेसुद्धा भारतीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरला देशभर व्यवसायाचा हक्क दिला होता. गोंधळ होतो तो दुसऱ्याच गोष्टीमुळे. परराज्यात दवाखाना थाटायचा तर तिथल्या मेडिकल कौन्सिलची, म्हणजे डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी मागितली जाते. पण पुण्यात बसून बेळगावच्या पेशंटशी बोलणं म्हणजे बेळगावात दवाखाना थाटणं नव्हे.

अमेरिकेतले नातेवाईक या मजकुराला दुजोरा देतात, तेही मी ऐकलं आहे. त्यांचा अनुभव खरा आहे. तिथे पेशंट ज्या राज्यात बसला असेल त्या राज्याचा परवाना डॉक्टरकडे असावा लागतो. कोविडच्या काळात अनेक राज्यांनी सूट दिली आणि नंतर बहुतेकांनी ती मागे घेतली. परवाने लवकर मिळावेत म्हणून बऱ्याच राज्यांनी आपसांत करार केला असून २०१७ पासून त्यातून परवाने दिले जातात. हा नियम तिथला आहे, इथे तो लागू नाही.

‘२०२३ मध्ये नियम स्थगित झाले, म्हणजे टेलिमेडिसिन बंद झालं’ हेही याच मजकुराला कुणीकुणी जोडतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेली नवी आचारसंहिता त्याच महिन्यात स्थगित केली, हे खरं. पण त्यामुळे २००२ ची नियमावलीच पुन्हा लागू झाली, आणि २०२० ची तत्त्वं तिचाच भाग आहेत.

चिठ्ठीचं म्हणाल तर औषध नियमावलीतला नियम ६५ चिठ्ठी लेखी, सहीची आणि तारखेची असावी, रुग्णाचं नाव-पत्ता, औषधाचं प्रमाण आणि डोस त्यावर असावा, असं सांगतो. डॉक्टर त्याच राज्याचा हवा असं तो म्हणत नाही. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा स्कॅन डॉक्टरने पेशंटला मोबाइलवर पाठवणं २०२० च्या तत्त्वांना मान्य आहे. मात्र तिच्यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो नसेल आणि दुकानदाराने औषध नाकारलं, तर दुकानदाराचंच बरोबर आहे.

दाद कुठे मागायची? तुमच्याच जिल्ह्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवून दिलं आहे. डॉक्टरच्या वर्तनाबद्दलची तक्रार मात्र त्याची नोंदणी असलेल्या कौन्सिलकडे करावी लागते. म्हणून नोंदणी क्रमांक जपून ठेवा, फी ऑनलाइन भरा आणि मेसेज पुसू नका.

राहिला तपासणीचा मुद्दा. इथे मजकूर लिहिणाऱ्याची भीती मला समजते. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, रोगनिदानाशिवाय औषध देणं हा गंभीर निष्काळजीपणा आहे, असं म्हटलं होतं. पण त्या प्रकरणात डॉक्टर हजर नसताना पेशंटला दाखल करून फोनवरून उपचार चालवले गेले होते. २०२० ची तत्त्वं त्यानंतरची आहेत आणि मर्यादा त्यांनीच घालून दिल्या आहेत. साधी, चिठ्ठीविना मिळणारी औषधं कुठल्याही माध्यमातून सुचवता येतात. पहिलीच भेट दुरून होत असेल आणि त्यात चिठ्ठीची औषधं लिहून द्यायची असतील, तर ती व्हिडिओवरच व्हावी लागते. बीपी, शुगर, दम्याच्या चालू गोळ्या मात्र फॉलोअपमध्ये कुठल्याही माध्यमातून पुढे लिहून देता येतात. प्रत्यक्ष तपासणीला सहा महिने झालेले नसतील आणि दुखणं तेच असेल, तर डॉक्टर चालू औषधाच्या जोडीला आणखी औषध देऊ शकतो. मॉर्फीन, कोडीनसारखी औषधं आणि कॅन्सरवरची औषधं मात्र दुरून लिहून देता येत नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेऊन बिहारला परतलेल्याला रिपोर्ट दाखवून सल्ला घेता येईल, केमोची गोळी त्या कॉलवर मिळणार नाही. छातीत दुखणं, लकवा, अपघात अशा वेळी डॉक्टरने कॉलवर प्रथमोपचार सांगून तातडीने रुग्णालयात पाठवायचं असतं. आणि प्रत्यक्षच यायला हवं असं वाटलं, तर तसं सांगण्याचा डॉक्टरला पूर्ण अधिकार आहे.

सीमेची अट आहे, पण ती देशाची. भारताबाहेरचे कॉल या तत्त्वांत येत नाहीत. तेव्हा परदेशातल्या मुलाने तिथल्या डॉक्टरकडून लिहून घेतलेली चिठ्ठी सांगलीत चालेल, असं धरून चालू नका.

ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर फेब्रुवारी २०२३ पर्यंतच १० कोटी सल्ले होऊन गेले होते, पण तिथेही पेशंटला बहुधा आपल्याच राज्याच्या ओपीडीत नंबर लागतो. ज्याचं ऑपरेशन शेजारच्या राज्यात झालं त्याला त्याचा स्वतःचा डॉक्टर हवा असतो. ते काम रुग्णालयांनीच करायचं आहे. मिरज, नागपूर, बेळगाव, बांबोळी इथल्या रुग्णालयांनी कोणत्या फॉलोअपला प्रत्यक्ष यायचं, कोणता व्हिडिओवर होईल आणि त्यासाठी कुठल्या नंबरवर कॉल करायचा, हे डिस्चार्ज कार्डावरच पेशंटच्या भाषेत लिहून द्यावं.