गाळ काढला की पूर थांबेल काय?

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव भागात एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो: ‘नदीनाल्यांतला गाळ काढून पात्र खोल करा, पूर कायमचा थांबेल; वरच्या शेतांचा, रानांचा आणि वसाहतींचा त्याच्याशी काही संबंध नाही.’

तुंबलेल्या मोऱ्या आणि जलपर्णीने भरलेला बेळगावचा बळ्ळारी नाला साफ व्हायलाच हवा, याबद्दल वाद नाही. मात्र गाळ म्हणजे वरच्या कुणाच्या तरी शेतातली माती असते. उताराच्या दिशेने नांगरट केली, बांध फोडून वावर वाढवले, ओढ्याच्या काठापर्यंत ऊस लावला, की जोराच्या पावसात ती माती पात्रात उतरते आणि उपसलेली जागा पुन्हा भरते. उपसलेल्या मातीचे ढीग काठावरच ठेवले, तर शेतातले पाणी नाल्यात उतरण्याची वाटही अडते.

खोल पात्रात पूर मावेल, हे तर ऑगस्ट २०१९चा महापूर पाहिलेल्या माणसाने म्हणू नये. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि धरणांचा विसर्ग एकत्र आल्यावर मलप्रभा आणि घटप्रभा काठाबाहेर पसरणारच. एखादाच टप्पा खोल केल्यास पाणी खालच्या गावावर अधिक वेगाने जाते, आणि पात्राचा तळ फार खाली गेला तर काठच्या विहिरींचे पाणी नदीकडे झिरपते.

जमिनीच्या वापराचा संबंध नाही, हे विधान सर्वांत चुकीचे आहे. बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागांच्या शिवारातली बासमतीसाठी नावाजलेली भातखाचरे बांधाआड पावसाचे पाणी धरतात. भर टाकून तिथे लेआउट पाडले की तेच पाणी छपरांवरून आणि काँक्रीटवरून थेट नाल्यात येते, आणि उरलेल्या खाचरांतली रोपे बुडतात. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे सौंदत्तीच्या कमी पावसाच्या मुलखात जाते. तिथल्या नविलुतीर्थ धरणाची भिस्त खानापूरच्या पावसावर आहे. खानापूरच्या रानातला पालापाचोळा पाणी मुरवतो, माती धरतो. अर्थात माती तुडुंब भिजल्यावर जंगलही महापूर अडवू शकत नाही, म्हणून केवळ झाडे लावून पूर टळेल असे सांगणारेही तितकेच घाई करतात.

निधी खर्च करायचाच असेल, तर आधी अरुंद मोऱ्या रुंद कराव्यात, ओढ्याकाठची पट्टी गवताझुडपांना सोडावी आणि फुटलेले बांध पुन्हा घालावेत. तळ्यातला चांगला गाळ शेतात न्यावा. बळ्ळारी नाल्यातला नव्हे, कारण त्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते.